कुऱ्हाड पेटीत होती तोवर

कर्ज कसं फेडलं असं कोणी विचारलं की माय सांगते, "काटकसर केली, बाई." बायका माना डोलवतात, एखादी आपल्या सुनेकडे बघून घेते. अर्धं खोटं आहे ते. काटकसर केली हे खरं, पण आमच्या घराने कर्ज फेडलं ते रागाने. पेटीत एक कुऱ्हाड होती आणि ती बाहेर काढायची होती, म्हणून फेडलं.

आम्ही नेरडीगोंड्याचे, हायवेला लागून असलेल्या वस्तीतले. बाबा मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलात, अटेंडर; शिपाईच. दादा माझ्याहून मोठा, भैंशाच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. माय हंगामात कापूस वेचायला जायची, एरवी जे मिळेल ते. मी निर्मलच्या कॉलेजात डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. चार माणसं, दोन खोल्या आणि त्या खोल्यांवर स्लॅब.

सगळं त्या स्लॅबने केलं. गल्लीत सगळ्यांची टिनं, पण बाबांना स्लॅब हवा होता. ऑफिसातून लोन मिळालं म्हणून घरी सांगितलं आणि आम्ही पेढे खाल्ले. प्रत्यक्षात पैसे निर्मलच्या एका फायनान्सवाल्याचे होते, महिन्याला शेकडा दहा व्याजाचे. कोऱ्या प्रॉमिसरी नोटांवर सह्या करून आणलेले. व्याज थकलं की त्याच्याकडूनच आणखी घ्यायचे आणि त्यालाच भरायचे. आमचे बाबा कोणाला नाही म्हणू शकत नाहीत आणि घरात खरं सांगू शकत नाहीत. जन्मभर साहेबांच्या टेबलापाशी उभं राहून माणूस असा होतो, की असाच माणूस तिथे टिकतो, मला ठाऊक नाही.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. मी बसमधून स्टँडवर उतरले तर लोकांचा घोळका. हायवेचं गाव, घोळका दिसला की आधी ॲक्सिडेंटच वाटतो. आत डोकावले तर मधे बाबा. हातात टमाट्यांची पिशवी. समोर फायनान्सवाला, बरोबर त्याची दोन माणसं, आणि फायनान्सवाल्याच्या हातात स्वतःच्या पायातली चप्पल.

तो मारत होता. गालावर, कानावर, परत गालावर. मारता मारता हिंदीतून बोलत होता, "सरकारी नौकर है ना तू? मेरी चप्पल सरकारी नहीं है." मग जातीवरून बोलला, ते मी इथे लिहिणार नाही. बाबा "साब, साब" एवढंच म्हणत होते आणि पिशवी काही सोडत नव्हते. एकाने पोटात लाथ घातली तेव्हा सुटली. टमाटे रस्त्यावर घरंगळले आणि लॉरीखाली गेले. मी ओरडत आत घुसले आणि फायनान्सवाल्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्याने झिडकारलं, मी पडले, कोपर फुटलं. बघणारे सगळे ओळखीचे होते. कोणाच्या हातात कोथिंबीर, कोणाच्या हातात मासळी, आणि कोणीही जागचं हललं नाही.

कर्ज आहे हे मायला कळलं ते असं. तिने आधी बाबांचं तोंड धुतलं. मग विचारलं, "किती?"

बाबांनी आकडा सांगितला.

"खरा सांगा. नाही तं दुसरा गाल मी फोडते."

मग त्यांनी खरा सांगितला. एक लाखाचे तीन व्हायला आले होते. माय भिंतीला टेकून खाली बसली आणि वर स्लॅबकडे बघत राहिली.

लोक म्हणाले, केस करा, जातीवरून बोलला, कायदा आहे. बाबा म्हणाले, नोटांवर सह्या माझ्या आहेत, सरकारी माणूस आहे, चौकशी लागेल, नोकरी जाईल. ते कोणाचंच ऐकेनात. दिवेलागणीला दादा कोणाची तरी मोटरसायकल घेऊन आला. त्याला भैंशातच फोनवर कळलं होतं. तो घरात आला, बाबांच्या सुजलेल्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि दारामागची लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली.

माय दारात आडवी झाली. त्याने तिला बाजूला केलं. तिने त्याच्या तोंडात मारली. तो गठाणी उचलणारा गडी, त्याला काय लागणार? त्याने खांदा मारला तशी माय चौकटीवर जाऊन आदळली आणि कपाळ फुटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. पण पडता पडता तिने कुऱ्हाडीचा दांडा धरला होता तो सोडला नाही. तो ओढतोय, ती त्याच्याबरोबर फरफटत अंगणात. मी किंचाळत होते. बाबा आत खाटेवर बसून होते.

"मारशीन त्याले?" माय म्हणाली. "मार. पण मंग कर्ज कोण फेडीन? त्याचा भाऊ येईन मांगाले. नोटा तं राह्यतेच. पह्यले फेडू. ज्या दिवशी शेवटचा रुपया जाईन, त्या दिवशी ही कुऱ्हाड मी मायाच हातानं तुले देईन. शब्द देते."

"देशीन?"

"देईन."

दादाने दांडा सोडला. माय तशीच रक्ताळलेल्या तोंडाने आत गेली, कुऱ्हाड लोखंडी पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली. पोराला त्या दिवसापुरतं थांबवायला आया काहीही कबूल करतात, असं मला वाटलं. मायचा शब्द तेव्हा मला नीट माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांचं बँकेचं कार्ड काढून घेतलं आणि फायनान्सवाल्याकडे जाऊन पुढचं व्याज थांबवून तीन लाखांचे हप्ते बांधून घेतले. पगार झाला की ती स्वतः निर्मलला जायची, पैसे काढायची आणि आधी फायनान्सवाल्याचा हप्ता भरून यायची. किराणावाला थांबला, बाकीचे थांबले. तिचा नियम होता, "जो मारते, त्याचे पह्यले." उरलेल्यात घर. रेशनचा तांदूळ, मजुरीत मिळालेली ज्वारी. गॅस फक्त सकाळच्या चहाला, बाकी सगळं चुलीवर, लोकांच्या शेतातून आणलेल्या पऱ्हाटीवर, कापसाच्या वाळल्या काड्यांवर. पऱ्हाटी संपली की लाकडं, आणि ती फोडायला शेजाऱ्यांची कुऱ्हाड. "तुमची काय झाली?" असं शेजारीण विचारायची. "धार गेली," माय म्हणायची. केबल बंद, रविवारचं मटण बंद, जयंतीला नवे पांढरे कपडे बंद. माझ्या बसचा खर्च गेलाच होता, बायकांना बस फुकट झाली होती. बाबांना कुठे जायचं असलं तर तिकीट, म्हणून बाबांनी कुठे जायचं नाही.

आणि रविवारचा हिशोब. आमच्याकडे दर रविवारी सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना होते. त्रिशरण, पंचशील. माय शाळेत फारशी गेलेली नाही, पण तिची अक्कल अशी चालते की सरकारी ऑडिटरने शिकवणी लावावी. तिने ठरवलं, पंचशील झालं की उठायचं नाही. तिथेच, हात जोडलेले असताना, प्रत्येकाने आठवड्यात काय खर्च केला ते सांगायचं. नुकतंच चौथं शील म्हटलेलं असतं, खोटं बोलणार नाही म्हणून. मेणबत्ती जळत असते. बोला आता.

दुसऱ्याच रविवारी माझ्या लक्षात आलं, दादा पहिलं शील म्हणत नाही. "पाणातिपाता वेरमणी" आलं की त्याचे ओठ मिटायचे. जीवहिंसा करणार नाही, ही ओळ तो आम्हाला म्हणू द्यायचा आणि दुसऱ्या शीलापासून खणखणीत सुरू व्हायचा. मी नंतर त्याला विचारलं.

"करणार हावो तं कशाले म्हणू?" तो म्हणाला. "बुद्धापुढं खोटं बोलू काय?"

मायनेही ऐकलं होतं.

तुम्हाला वाटेल अशा घरात दादा हप्त्यांवर वैतागत असेल. उलट. त्याच्याइतकी काटकसर कोणी केली नाही. त्याने तंबाखूचा खर्रा सोडला आणि पहिला महिनाभर जनावरासारखा वागला. भैंशाला एका मुकादमाने हजेरी कापली, तर भिंतीवर मूठ मारून मारून बोटं फोडून आला आणि रविवारी म्हणाला, "पट्टीचे पैसे नाही लागले, फडकं बांधलं." दुप्पट पाळ्या करायचा. बसायचा, जेवायचा, मजुरी मायपुढे ठेवायचा आणि विचारायचा, "आता किती राह्यले?" त्याला कर्ज दिसतच नव्हतं. त्याला त्याच्या आणि त्या माणसाच्या मानेच्या मधे उरलेलं अंतर दिसत होतं. मीही कमी नव्हते. गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायचे आणि फीचे पैसे मायच्या हातात देताना मनात म्हणायचे, घे, एक घाव माझा.

घरात शांतता अशी नव्हतीच. एका रविवारी मी मिरची भजी खाल्ली म्हणून सांगितलं, तर मायने हातातला पेला असा फेकला की माझ्या कानाला लागून मागच्या भांड्यांवर गेला. त्याला पोचा आला, तो पुढे वर्षभर मलाच पाणी प्यायला दिला. बाबा पाचवं शील, दारूचं, नेहमीच जरा घाईने उरकायचे. एकदा ऑफिसातल्या कोणी तरी पाजली. पैसे त्याचे होते, पण मायने बाबांच्या खिशातली उरलेली क्वार्टर उंबरठ्यावर फोडली आणि म्हणाली, "या आता काचायवरून घरात." बाबा कितीतरी वेळ बाहेर उभे होते. मग खाली बसून त्यांनी एकेक काच वेचली. बोट कापलं तरी वेचत राहिले. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा राग आला.

असं दीड वर्ष गेलं. शेवटचा हप्ता भरायला माय मला आणि बाबांना घेऊन गेली. फायनान्सवाल्याच्या मनगटावर मी माझ्या दातांची खूण शोधली, पण नव्हती. त्याने नोटा परत दिल्या, मायने त्या तिथेच फाडून तुकडे पदरात बांधले. तो अगदी गोडीत आला होता. "अम्मा, चाय लो. आप लोग अच्छी पार्टी हो. फिर कभी लगे तो आना." बाबांनी सवयीने हात जोडले. मी ते जोडलेले हात बघितले आणि मला वाटलं, दादाने खरंच मारावं याला.

तो रविवार. सकाळी दादा आंघोळ करून पांढरा शर्ट घालून बसला होता. मेणबत्ती लावली. पहिल्या शीलाला त्याचे ओठ मिटलेले होते. पाचवं संपलं, माय उठली, पेटी उघडली आणि कुऱ्हाड आणून त्याच्यापुढे ठेवली. पातं चकचकीत होतं.

"गंज चढू देल्ला नाही," माय म्हणाली. "तेल लावत होती. शब्द देल्लता."

दादाने हात पुढे केला.

"थांब. हिशोब राह्यला." माय परत मांडी घालून बसली. "तू त्याले मारून येशीन. मंग पोलीस. वकील लागीन, त्याले दर तारखेले पैसे. जामिनाचे वेगळे. तुयी मजुरी बंद. तू जेलात, तुले भेटाले महिन्याले एकदा तरी याच लागीन. आमाले दोघीले बस फुकट हाये, तुया बापाले तिकीट. मी सगळं धरलं. त्याच्या कर्जापेक्षा जास्ती होते. आता बोला, कोण काय कमी करते?"

आम्ही रडू, दादाचे पाय धरू, असं तिला वाटलं असावं. सगळी मांडणी तिने त्यासाठीच केली होती, हे मला आज कळतं. पण दीड वर्ष तिने आम्हाला दर रविवारी एकच प्रश्न विचारला होता आणि आम्हाला एकच गोष्ट शिकवली होती, की कमी करता येतं. काहीही कमी करता येतं.

"मी बी.एड.ला जात नाही," मी म्हणाले. "फी वाचीन. प्रायव्हेट शाळेत लागते मी."

मी हे थट्टेत म्हटलं नव्हतं, आणि दादाला अडवायला तर मुळीच नव्हतं. मला ते जोडलेले हात दिसत होते. मायने माझ्याकडे असं बघितलं की ती नजर मी विसरले नाही. तिचा चेहरा पहिल्यांदाच घाबरलेला होता. तिचा हिशोब बसत चालला होता.

ती बाबांकडे वळली. आवाज चिरकला होता. "तुमी? तुमी काय कमी करसान?"

बाबांनी चष्मा वर सरकवला. जरा विचार केला, खरोखरचा, पगाराच्या दिवशी करायचे तसा.

"माया तिकिटाचे धरू नको," ते म्हणाले. "मी पायदळ येईन."

दादाने कुऱ्हाड उचलली नाही. तो उठला आणि त्याने बाबांच्या तोंडात मारली. उघड्या हाताने, पूर्ण ताकदीने. चष्मा उडाला, बाबा मेणबत्तीवर कलंडले, मेणबत्ती विझली. त्याने त्यांना कॉलर धरून उठवलं आणि परत मारलं.

"पायदळ येसान? पायदळ? त्या दिवशी काऊन उभे राह्यले? काऊन? एक हात उचलाचा होता! एक! मार खाल्ला असता, पण एक तं मारला असता! मी दीड वर्ष झोपलो नाही, आन् तुमी पायदळ येसान!"

माय त्याच्या पाठीत बुक्क्या घालत होती, मी त्याच्या हाताला लोंबकळत होते. बाबांनी तोंडापुढे हातसुद्धा धरले नाहीत. स्टँडवर धरले नव्हते तसेच. तेच बहुधा दादाला दिसलं. त्याने कॉलर सोडली, स्वतःच्या तळहाताकडे बघितलं, आणि इतका मोठा गडी गुडघ्यात डोकं घालून ओक्साबोक्शी रडायला लागला.

"तुया हाताले लागलं काय?" बाबांनी विचारलं. त्यांच्या ओठातून रक्त येत होतं.

मायने कुऱ्हाड उचलली आणि पेटीत न ठेवता दारामागे उभी केली, पूर्वी असायची तिथे. मग खाली वाकून चष्म्याच्या काचा वेचायला लागली. दादा न जेवता भैंशाला निघून गेला.

तो परत येणार नाही असं मला वाटलं होतं. तो त्या माणसाकडे गेला असेल, असंही वाटलं. आठवडाभर मी निर्मलच्या बसमध्ये कोणी खुनाबिनाचं बोलतंय का, ते ऐकत राहिले. शनिवारी संध्याकाळी तो आला. बाबांशी बोलला नाही, बाबाही बोलले नाहीत. सकाळी आमची शेजारीण लाकडं मागायला आली, दारामागची कुऱ्हाड बघितली आणि म्हणाली, "लावली वाटते धार?"

वंदनेला आम्ही बसलो. पहिलं शील आलं. मी कान टवकारले. दादाचे ओठ मिटलेलेच. मला आधी राग आला, अजून याच्या डोक्यातून जात नाही म्हणून. मग त्याच्याकडे नीट बघितलं. त्याची नजर बाबांच्या ओठावरच्या खपलीवर होती. करणार आहे म्हणून तो दीड वर्ष गप्प होता. आता केलं होतं म्हणून गप्प होता.

मायने दुसरं शील सुरू केलं, पण बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. घरात त्यांनी कोणाला थांबवलेलं मी तेवढंच पाहिलं आहे. त्यांनी पहिली ओळ पुन्हा म्हटली, एकट्याने, न अडखळता, दादाच्या वाटची. मग मायकडे बघून मान हलवली आणि आम्ही पुढे गेलो.

पाचवं झालं. कोणी उठलं नाही. देणं आता नव्हतं, पण सवय होती.

"बोला," माय म्हणाली, "कोणं काय खर्च केला?"

दादाने शर्टाच्या खिशातून एक डबी काढली आणि बाबांच्या गुडघ्यापाशी सरकवली.

"चष्मा," तो म्हणाला.